काविळीची माळ

माळ बांधून तयार झाली आणि उमर आलाच नाही.

त्याच्या आईचा, जहिदाचा, वडाळ्याहून फोन आला. पोराचे डोळे फारच पिवळे दिसू लागले म्हणून तिच्या नवऱ्याने, अब्बासने, त्याला सकाळीच दवाखान्यात दाखल केलं होतं. जहिदा बिचारी ओशाळून बोलत होती, कारण माळेसाठी गळ तिनेच घातली होती. कुसाबाईंनी माळा बांधणं सोडून आठ वर्षं झाली होती. जहिदाच्या माहेरचे लोक पूर्वीपासून त्यांच्याकडे यायचे, म्हणून एवढ्या एका वेळेला त्या तयार झाल्या होत्या. काही हरकत नाही, माळ थांबेल, असं त्या म्हणाल्या खऱ्या. पण फोन ठेवल्यावर त्यांना सुचेना, आता हिचं करायचं काय.

असं कधी झालंच नव्हतं. घेटुळीची मुळी ओली असताना उपटायची, तिचे पेराएवढे तुकडे करायचे आणि रोग्याचं नाव घेत एकेक तुकडा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा. माळ व्हायची इवलीशी, डोक्यावर टोपीसारखी बसणारी. कावीळ उतरू लागली की ती वाढत जायची, कपाळावरून गळ्यात यायची, गळ्यातून पोटावर. मग ती गंगेत, नदीच्या वाहत्या पाण्यात, सोडून द्यायची. जादा माळ बांधून ठेवायची नाही, असा त्यांच्या सासूबाईंपासूनचा दंडक होता. त्यामुळे कुसाबाईंनी जन्मभर माळ पाहिली ती माणसाच्या अंगावर, नाहीतर पाण्यात.

शेवटी त्यांनी ती दाराआडच्या खुंटीला अडकवली.

चौथ्या दिवशी झाडताना पाहिलं, तर माळ खुंटीखाली हातभर लोंबत होती. कुसाबाईंना केवढा हुरूप आला. पोरगं कुठे, माळ कुठे, तरी उतार पडतोय. नाव घेऊन बांधलेली माळ, तिला घरबसल्या कळणारच. हातातली केरसुणी टाकून त्यांनी जहिदाला फोन लावला.

जहिदा रडायलाच लागली. तीन दिवस उमर शुद्धीवर नव्हता. कावीळ चढतच गेली होती, ती आज सकाळी कुठे जरा थांबली. आणखी दोन दिवस घरी ठेवला असता तर पोरगा हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते.

फोन तसाच हातात धरून कुसाबाई माळेजवळ गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती नीट निरखून पाहिली. तुकडे वाळून सुरकुतले होते. मुळी बारीक झाली तशी गाठ सैल पडली होती आणि गाठीतला दोरा थोडा थोडा सुटत गेला होता. माळ वाढली होती ती एवढ्यानेच. तिला ना उमर ठाऊक होता, ना कावीळ.

मग त्यांना हर्षाली आठवली. आठवली म्हणणंही खोटंच, एकुलती एक लेक विसरणार कशी? आठ वर्षांपूर्वी तिला कावीळ झाली तेव्हा ती तान्ह्या पायलला घेऊन मखमलाबादला माहेरी आली होती. जावई योगेश पिंपळगावहून रोज यायचा आणि दवाखान्यात नेऊ या म्हणून हात जोडायचा. कुसाबाई नुसतं माळेकडे बोट दाखवायच्या. पोरीला अन्न जात नव्हतं, दिवसभर ती गुंगीत पडून असायची, पण माळ गळ्यात आली होती, छातीवर आली होती. याहून वेगळा पुरावा कशाला हवा? नवव्या दिवशी योगेशने कुणाचं न ऐकता तिला उचलून गाडीत घातलं. सलाईन लावताना नर्सने माळ कात्रीने कापली. दुसऱ्या दिवशी हर्षाली गेली.

जावयाला कायम अहोजाहो करणाऱ्या कुसाबाई दहाव्याला गंगेवर, सगळ्या सोयऱ्यांसमोर, त्याला अरेतुरे बोलल्या. "माळ पोटावर यायला आली होती. दोन दिवस दम धरला असता तर जगली असती ती. तू मारलंस तिला." योगेशने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. त्यानंतर येणंजाणं तुटलं. पायल आता रस्त्यात समोर आली तरी आजीला ओळखू आली नसती.

योगेशचा नंबर मात्र त्यांनी मोबाइलमधून पुसला नव्हता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तो त्यांनी लावला.

"योगेशराव," त्या म्हणाल्या, "माळ नुसत्या खुंटीवरबी वाढती. आज पाहिलं मी. पोरीला तुम्ही नाय मारलं. मी मारलं."

कुसाबाई ऐकून घ्यायला तयार होत्या. त्याने शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"मला ठाऊक होतं, आई," योगेश म्हणाला. "ती कापलेली माळ मी गाठ मारून हर्षालीच्या फोटोला घातली होती. तेराव्यापर्यंत ती फोटोच्या खाली वीतभर उतरली."

मग आठ वर्षं गप्प का बसलात, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"लेक तर गेलीच होती तुमची. माझा राग राग करून का होईना, तुम्ही जगत होत्या. तेवढंबी कसं काढून घेऊ?"