सेटिंगचे पीस

"जाहिरात कोणी बंद केली?"

तनुजाने विचारलं तेव्हा गाळ्यात एकच शिलाई मशीन चालू होतं, कामाला येणाऱ्या अंबूबाईचं. तेही थांबलं. तनुजाचा नवरा रविराज रात्रपाळी करून नुकताच आला होता, अजून बूटही काढले नव्हते.

"मीच केली," तो म्हणाला. "काल दिवसभरात एक मेसेज न्हाई. उगं कशाला चालू ठेवायची?"

"आणि परवा?"

"परवा संध्याकाळी केलेली बंद. सकाळी परत चालू केली की!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेथ आणि सीएनसी मशीनवर घालायची ताडपत्रीची कव्हरं ती शिवत होती. चिखलीपासून चाकणपर्यंत जिकडे बघावं तिकडे वर्कशॉप. असं कव्हर कोणी मापाने शिवून देतं, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. म्हणून फेसबुकवर जाहिरात, तीही झेपेल एवढ्याच खर्चाची. एवढ्याशा जाहिरातीचे सुरुवातीचे आकडे वरखाली होणारच, आठवडाभर कोणी हात लावायचा नाही, असं तिने घरात बजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलवायला कोणाचं काय जातं?

गाळा सासऱ्यांचा, यशवंतरावांचा. आठवड्यात ऑर्डरी दिसल्या तर तिच्याकडे राहणार, नाहीतर ज्योतीराम भंगारवाल्याला भाड्याने जाणार, असं ठरलेलं. पण यशवंतरावांना आठवडाभर कुठला धीर! पहिल्या दिवशी फोन सारखा वाजायला लागला तेव्हा त्यांनी ज्योतीरामला नको म्हणून कळवलं आणि गल्लीत पेढे वाटले. मग फोन गप्प झाला. आता ज्योतीरामचा टेम्पो गाळ्यासमोर उभा होता आणि यशवंतराव टेप धरून दाराची रुंदी मोजत होते.

"मामा, आठवडा झालाय का?" तनुजा म्हणाली.

"आगं, पयल्या दिवशी केवढं आलं, आन आता? उतरतंच चाललंय न्हवं? लोकास्नी नको आसंल तुझा माल, तर काय करायचं?"

तिने फोन त्यांच्यासमोर धरला. "हे पहिल्या दिवशीचे मेसेज. प्रोफाइलवर कुठे वाघ, कुठे गुलाबाची फुलं, मला काय कळणार कोण आहे ते? मी प्रत्येकाला दर लिहून पाठवत बसले. आज एकेकाला फोन लावला. हे तुमचे वरच्या आळीतले चुलतभाऊ. त्यांच्याकडे लेथ आहे? ही सोजरबाई आत्या. तिला कव्हर कशावर घालायचंय, मिक्सरवर?"

यशवंतरावांनी टेप गुंडाळत मुलाकडे बघितलं.

"मीच टाकलं होतं भावकीच्या ग्रुपवर," रविराज म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. "म्हटलं, घरच्या सुनेची जाहिरात हाय, सगळ्यांनी बटन दाबा, चौकशी टाका. तुझ्यासाठीच केलं ना!"

"माझ्यासाठी!" तनुजा ओरडलीच. "अहो, बटन कोण दाबतंय ते बघून ती जाहिरात तसलीच माणसं हुडकते. वर्कशॉपवाले राहिले बाजूला, ती आत्या-मावश्यांना दाखवत सुटली. त्यात तुम्ही रोज बंद करणार, रोज चालू करणार. खरं गिऱ्हाईक कोण, ते तिने शिकायचं कधी?"

"एवढं काय चिडायचं?"

"चाकणला कंपनीत सेटर आहात ना तुम्ही? नवीन जॉब लावला की पहिले पीस मापात येतात?"

"न्हाई येत. ते सेटिंगचे, माप जुळवायचे. बाजूला टाकतो."

"ते बघून मशीन भंगारात काढता?"

"कोण काढंल?"

"मग माझ्याच वेळी का?"

रविराजने बुटाची नाडी सोडली. "ते पीस कंपनीचे असतात," तो म्हणाला.

अंबूबाईने मान खाली घातली. तनुजाला वाटलं, हातातला फोन भिंतीवर फेकावा. बारा तास लोखंडाशी दमाने घेणारा हा माणूस, बायकोच्या कामाला आठवडा देताना त्याचा जीव कासावीस होत होता. आणि ते त्याला कळतही नव्हतं, याचाच तिला जास्त संताप आला.

ती दाराशी गेली. यशवंतरावांच्या हातातली टेप तिने काढून घेतली. या घरात असं आजवर कोणत्याच सुनेने केलं नव्हतं.

"ज्योतीरामभाऊ, आठवडा आजपासून धरायचाय. पुढच्या शुक्रवारी या. तेव्हा ऑर्डरी नसल्या तर मी स्वतः गाळा रिकामा करून देईन."

ज्योतीरामने यशवंतरावांकडे बघितलं. यशवंतराव आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होते. "या तवाच," ते शेवटी पुटपुटले. टेम्पो गेला.

तनुजा स्टुलावर बसली आणि तिने सगळं नव्याने मांडायला घेतलं. आधी पेजवरून रविराजचं नाव काढलं, आता त्याला जाहिरातीला हात लावता येणार नव्हता. मग जाहिरात कुठे कुठे दाखवायची तो नकाशा उघडला. चाकण, तळवडे, तळेगाव, भोसरी. एकेका ठिकाणी निळे गोल उमटत गेले. शेवटी तिने चिखलीत स्वतःच्या गल्लीवर बोट ठेवलं. तिथे लाल गोल उमटला.

रविराज मागून वाकून बघत होता. "लाल कशाला?"

"इथे जाहिरात दिसणार नाही."

"आगं, इथंच तर किती वर्कशॉप हायेत! आपलीच गिऱ्हाइकं घालवतीस?"

"काय करू?" ती म्हणाली. "नुसत्या घरापुरता एवढा लहान गोल आखता येत नाही."