सांधलेला माग

"जरा थांब." एथेल मागावर वाकून तुटलेले धागे सांधू लागली.

अमेरिकेतली ही शंभर वर्षांची गिरणी कालच बंद पडली. आजी, आई आणि ती, तिघींनी हाच माग चालवला. दुसरीच्या हाती देताना एकही धागा तुटका ठेवायचा नाही, ही इथली रीत.

"तुमच्याकडे कोण चालवणार?"

माग न्यायला इचलकरंजीहून आलेला भूपाल घुटमळला. "माझी बायको."

"तिला सांग, थंडीत डावीकडचे धागे तुटतात. वैतागू नकोस म्हणावं." कमरेची कात्री तिनं त्याच्या हातात ठेवली. "हीपण तिलाच."

भूपालच्या शेठनं हे माग भंगार म्हणून वितळवायला घेतले होते. तोडूनच कंटेनरमध्ये भर, म्हणाला होता. ती जाईपर्यंत भूपाल थांबला, मग त्यानं घण उचलला.

लोखंड तडकलं. तिनं सांधलेले धागे तुटले नाहीत.