खड्ड्याची राखण

"गल्लीना तोंडले घोडी धीरे करू नको, फकीर. जाऊ दे तशीच."

"आन चाक तुटनं तं?"

"तुटू दे. मी देखी लिसू."

फकीर टांगेवाल्याने मान डोलावली आणि स्टेशनाचं आवार सोडून टांगा नंदुरबारात शिरला. हे सांगणारा सुकलाल पाटील मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता, कारण शेजारी साहेब होते. शहरातले रस्ते पाहायला साहेब जिल्ह्याहून आले होते. म्युनिसिपालटीजवळ यंदा एकाच गल्लीपुरती खडी होती. साहेब ज्या गल्लीवर बोट ठेवतील तिला खडी मिळणार, बाकीच्यांनी बसायचं धूळ खात. आज सुकलालच्या गल्लीतला खड्डा साहेबांच्या नजरेत भरला की त्याचे अकरा वर्षांचे हेलपाटे कारणी लागणार होते.

अकरा वर्षं काही थोडी नव्हेत. ब्राह्मणपुरी गावातली शेती धाकटा भाऊ पाहायचा, त्यामुळे सुकलालजवळ वेळ रग्गड. गल्लीच्या तोंडाशी, विहिरीच्या वाटेवरच पडलेला तो खड्डा त्याने मनावर घेतला. दर पावसाळ्यानंतर काठी घालून तो खोली मोजायचा आणि ताजा आकडा टाकून नवा अर्ज द्यायचा. उत्तर ठरलेलं असायचं, 'चौकशी चालू आहे'. म्युनिसिपालटीतला शिपाई त्याला लांबून पाहिलं की हसायचा. सुकलालने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

अर्जात चार कलमं होती. पहिल्यात कुंभाराची गाडी उलटून फुटलेले माठ. दुसऱ्यात शेजारच्या लोटनचा लंगडा झालेला बैल. तिसऱ्यात सांडलेला तेलाचा डबा. चौथं कलम चार वर्षांपूर्वी वाढलं. त्या वर्षी सुकलालची बायको कौसाबाई भरल्या हंड्यासकट खड्ड्यात गेली आणि तिचा पाय मोडला. हाड बसवणाऱ्याला सुकलालनेच धावत जाऊन आणलं. ती कण्हत होती तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दुसऱ्या दिवशी 'एका स्त्रीचा पाय कायमचा अधू झाला' हे वाक्य कागदावर उतरलं, तेव्हा, खोटं कशाला सांगा, मनातून तो सुखावलाही. अर्जाला वजन आलं होतं.

मधल्या काळात खड्डा बुजवायला लोक निघाले नव्हते असं नाही. एकदा लोटनने दोन टोपल्या राख आणून ओतली. सुकलालने ती दुसऱ्या दिवशी फावड्याने उपसून काढली. "खड्डा बुजना की अर्ज मरना," तो म्हणाला. कौसाबाईने दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तिला हेच ऐकावं लागलं. सुकलाल दिवसभर ओट्यावर बसून असायचा. समोर खड्डा, मांडीवर कागद. त्याच्या डोळ्यांदेखत तिथे खडाही टाकायची कुणाची टाप नव्हती.

आज मात्र तो कोट घालून भल्या सकाळीच स्टेशनवर गेला होता आणि नेमकी गाडी दोन तास उशिरा आली.

टांगा वळला. "साहेब, आता सांभाळून बसा," सुकलाल कचेरीतल्या मराठीत म्हणाला आणि स्वतः दांडी घट्ट धरली. घोडी दुडक्या चालीने गल्लीत शिरली. धक्का बसला नाही. साहेबांची टोपीसुद्धा हलली नाही.

"खड्डा कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

सुकलालने उडी मारली. विटांचे तुकडे, वर मुरूम, त्यावर शेणाचा सडा. चोपून चोपून जमीन ओट्यासारखी केली होती. "इथेच होता साहेब! सकाळपर्यंत होता!" त्याचा आवाज चिरकला. वर्षभर टिकणार नाही असलं काम, पण आज ते फार देखणं दिसत होतं. बाजूला रिकामी घमेली पडली होती आणि चार बाया पदर सावरत भिंतीशी सरकल्या होत्या. त्यांच्या पुढे कौसाबाई उभी होती, कोपरापर्यंत मुरमाने माखलेली.

साहेबांना हसू आवरेना. "बाई, किती वेळ लागला हो याला?"

परक्या पुरुषाशी कौसाबाई कधी बोलत नसे. आज पदर पुढे ओढून बोलली. "सकायपासून लागनूत. गाडी येवाना आगोदर व्हई गयं."

"एवढंच? मग अकरा वर्षं का नाही बुजवलात?"

"यास्नी हात लावू दिधा नही."

साहेबांनी वही मिटली. "पुढची गल्ली दाखवा," ते फकीरला म्हणाले. टांगा पुढे गेला.

सुकलाल रस्त्यातच उभा राहिला. मग सगळा संताप एकदम बाहेर आला. "आज साहेब येनार व्हतात, तुले मालूम नव्हतं? एक दिन! एक दिन थांबती तं काय व्हतं?"

कौसाबाईने मान विहिरीकडे वळवली. विहिरीकडून शेजारची फरजाना येत होती. नववा महिना, डोक्यावर हंडा, एक हात कमरेवर. खड्ड्याच्या जागी येताच सवयीने तिचं पाऊल अडखळलं. तिने खाली पाहिलं आणि सरळ चालत पुढे निघून गेली.

कौसाबाई लंगडत घमेली गोळा करू लागली.

"ती पडती," ती म्हणाली, "तं तुमना अर्जमा पाचवं कलम व्हतं."