कुलूपकाकांची कवळी

कवळी तोंडात बसली आणि कुलूपकाकांचं तोंड मिटेना.

ओठ ओठाला टेकायला गेले की वरचे दात मध्ये यायचे. गाल आपोआप वर चढायचे. कवळीवाल्यानं समोर आरसा धरला. आरशात कुणीतरी तोंडभर हसत होतं. काका इतके दचकले की त्यांनी मागे वळून पाहिलं.

काका म्हणाले, काढा ही. कवळीवाला म्हणाला, हिरड्या अजून सरावल्या नाहीत, आठवडाभर वापरा, मग घासून देतो. बरोबर आलेल्या सुनेनं पिशवी उचलली आणि सासऱ्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

कुलूप हे नाव गल्लीनं ठेवलेलं. काकांनी उभा जन्म बाजारातले वजनकाटे तपासण्यात घालवला. ते नुसते कोपऱ्यावर दिसले तरी प्रामाणिक दुकानदारालाही घाम फुटायचा. हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. घरातलं हसण्याबोलण्याचं खातं काकूंकडे. तळमजल्याच्या खिडकीत बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायच्या, त्याचं पोटातलं दुःख काढून घ्यायच्या आणि त्याला हलका करून पुढे पाठवायच्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. काकांनी खिडकी लावून घेतली. जेवा म्हटलं की विचारायचे, “कशासाठी?” फिरायला चला म्हटलं तरी तेच, “कशासाठी?” मुलानं सकारात्मक विचारांची जाडजूड पुस्तकं आणून दिली. काकांनी ती डुगडुगत्या पलंगाच्या पायाखाली सारली. पलंग सुधारला, काका नाही. वजन असं उतरत गेलं की पंखा लावायच्या आधी सून त्यांना चादरीत खोचून ठेवायची. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, नीट चावून खाल्लं नाही तर पुढचं वर्ष काही हे बघत नाहीत. म्हणून ही कवळी.

तर असे हसतमुख काका गल्लीत शिरले. किराणावाला साखर तोलत होता. त्याच्या हातातलं माप सुटलं, साखर रस्ताभर झाली. तिच्याकडे न बघता तो बाहेर आला, काकांचा हात धरून त्यांना स्टुलावर बसवलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. कोपऱ्यावरचं कुत्रं एरवी काकांना बघून मोटारीखाली शिरायचं. आज ते शेपूट हलवत दारापर्यंत आलं. वरच्या मजल्यावरची नर्स जिन्यात थबकली. मग तिनं कडेवरचं बाळ काकांच्या हातात दिलं, पायरीवर बसली आणि नवऱ्यानं घर सोडल्याची हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

काका घाबरून गेले. नको, मला हे जमत नाही, असं त्यांनी प्रत्येकाला सांगून पाहिलं. पण तोंडभर हसत म्हटलेलं नको कोण ऐकून घेणार? रागावले तर लोकांना वाटे, गंमत करताहेत. जास्त रागावले तर लोक टाळी द्यायला हात पुढे करत.

एका घरी समाचाराला जायची वेळ आली तेव्हा तर काकांनी तोंडावर रुमाल धरला. तिथल्या म्हाताऱ्या बाईनं नवरा गेल्यापासून ना डोळ्यांतून पाणी काढलं होतं, ना अन्नाचा कण घेतला होता. नेमका तिच्यासमोर रुमाल घसरला. आता ही आपल्याला हाकलणार, म्हणून काकांनी डोळे मिटून घेतले. बाईनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, पोटभर रडली आणि संध्याकाळी जेवली.

त्या दिवसापासून काकांना दम खायला सवड मिळेना. नर्स कामावर जाताना बाळ त्यांच्याकडे टाकायची. बाळाला वारा हवा, म्हणून खिडकी उघडली. बाळ उचलायला अंगात ताकद हवी, म्हणून काका चावून चावून जेवू लागले. ज्या भाजीवाल्या त्यांना बघून तराजू लपवायच्या, त्याच आता तराजू घेऊन खिडकीशी यायच्या, नीट लावून द्या म्हणायच्या. एका सकाळी सून म्हणाली, जरा बसा की. काका म्हणाले, बसायला वेळ कुठाय, आणि कामं सांगता सांगता त्यांचा चहा गार झाला. कवळी घासून घ्यायची होती, हे तर ते साफ विसरून गेले होते.

विसरला नव्हता तो कवळीवाला. काही महिन्यांनी तो स्वतःच घरी आला. हातात डबी, तोंड एवढंसं. मोठी चूक झाली म्हणाला. दातांची ठेवण कळावी म्हणून तो गिऱ्हाइकाचा जुना फोटो मागवून घेतो. या घरून जोडीचा फोटो आला होता.

“कारागिराला मी एवढंच सांगितलं, फोटोतले दात बसव. आता फोटोत दात एकाच माणसाचे दिसत होते. तुमचं तोंड घट्ट मिटलेलं, काका. त्यानं शेजारच्या बाईंचे बसवले.”

मग त्यानं डबी पुढे केली. ही नवी तुमच्या मापाची, म्हणाला. तोंड अगदी पहिल्यासारखं मिटेल.

काकांचा हात डबीकडे निघाला होता, तो मध्येच राहिला. ते खुर्चीत बसले. जिभेनं त्यांनी वरचा एकेक दात चाचपून पाहिला, अंधारात भिंत धरून चालावं तसं. बऱ्याच वेळानं त्यांनी डबी परत सारली. मग सुनेकडे न बघता विचारलं, “इतके दिवस मी हे घालून हिंडतोय. गल्लीत एकालाही कळलं नाही?”

“सगळ्यांना कळलं होतं, बाबा, पहिल्याच दिवशी,” सून म्हणाली. “आईंचं हसू ओळखायचे तेवढे तुम्हीच राहिला होतात.”