थंड खोलीची फीत

पेणच्या बाजारात भर दुपारी धोंडुबाई आपल्या वांग्यांच्या टोपलीवरच कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. समोरच नगरपालिकेने ऊन लागलेल्या माणसांसाठी नवी थंड खोली केली होती. आम्ही चौघींनी तिला उचलून तिथे नेलं, तर दाराला लाल फीत आणि फितीपुढे शिपाई.

“आत नाय जायचं, आत्या. उद्घाटन व्हायचंय. प्रमुख पाहुणे वडखळला अडकलेत.”

“आत एसी चालू हाय?”

“व्हय, सकाळपास्नं. पाहुण्यांना गरम नको व्हायला.”

मासळी कापायची कोयती मी कमरेला खोवूनच आले होते. फीत एका घावात तुटली.

“आत्या, माझी नोकरी जाईल!”

“गेली तर माझ्याकडं ये. बोंबील विकायला शिकवीन.”

धोंडुबाईला नव्या कोऱ्या खाटेवर निजवलं, ओला पदर कपाळावर ठेवला. तिने डोळे उघडल्यावर उद्घाटनासाठी मांडलेल्या पूजेच्या ताटातला नारळ फोडला आणि त्याचं पाणी घोट घोट पाजलं. मग जाऊन दारात बसले.

तासाभराने गाड्या आल्या. पाहुण्यांसाठी हातात मोगऱ्याचा हार घेतलेले नगरपालिकेचे साहेब तुटकी फीत बघून कडाडले, “उद्घाटन कोणी केलं?”

“हळू बोला,” मी म्हटलं. “फीत कापून झाली, नारळ फुटला, प्रमुख पाहुण्या आत निजल्यात. तो हार त्यांना घालायचा असेल, तर चपला बाहेर काढून या.”