मागचा आवाज

देवरूखच्या ग्रंथालयात लोकगीतांच्या जुन्या ध्वनिफिती जपलेल्या होत्या. त्यांत गाणाऱ्या बायका ओळखायला भार्गवीने गावोगावच्या आज्यांना बोलावलं होतं. तुळसा आजींच्या कानांवर तिने हेडफोन चढवले. “तुमच्याच वाडीतलं भातलावणीचं गाणं आहे, आजी. मागे बांधावर कुणाचं तरी पोर रडतंय, तेवढा आवाज नंतर काढून टाकणार आहे.” आजी ऐकू लागल्या. दुसऱ्या कडव्यात गाणं मध्येच थांबलं. “उगी गो तुळसे, आलीच मी!” म्हणून गाणारी पुन्हा गाऊ लागली. आजींनी हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरले. आई गेली तेव्हा त्या रांगत होत्या. “ओळखलंत?” भार्गवीने विचारलं. “माजी आय, येसू. आनि बाय, त्या रडन्याला हात लावू नको. ती मी हाय.” भार्गवीने डबीवरचं ‘गायिका: अज्ञात’ खोडून येसूबाईंचं नाव लिहिलं. त्याखाली एक ओळ वाढवली: ‘साथ: तुळसा.’