न उतरलेली चमक

पडद्यावरची निळी चमक उतरायला तयार नव्हती.

नोरीन लसाल दोन तास यंत्रापाशी उभी होती. पेटीत मारित हेइकिनेनचं दान केलेलं यकृत होतं आणि प्राणवायू भरलेलं रक्त त्यातून खेळत होतं. सकाळी कृत्रिम श्वास काढल्यावर मारितचं हृदय थांबायला फार वेळ लागला. तेवढा वेळ यकृत प्राणवायूविना उपाशी राहिलं. अदृश्य किरण टाकले की पेशी आपल्या आपणच चमकतात. गुदमरल्या की जास्तच. प्राणवायू मिळाला की ती चमक मंदावायला हवी.

"वरून तर चांगलं लाल दिसतंय," डॉक्टर प्रुइट म्हणाले. "अजून अर्धा तास बघू या?"

"अर्धा तास, अर्धा तास करत तीनदा बघितलं, डॉक्टर."

रक्ताच्या तपासण्याही तेच सांगत होत्या. डॉक्टरांनी हातमोजे काढले.

नातेवाइकांना सांगणं हे नोरीनचं काम नव्हतं. पण मारितचे वडील, आर्वो, यकृताचं काय झालं ते कळल्याशिवाय घरी जाणार नाही म्हणून बाहेर बसले होते. तीच गेली.

म्हातारा खिडकीशी बसला होता, गुडघ्यांवर लेकीचा कोट. बाहेरचं तळं काठापर्यंत गोठलेलं. तिला पाहताच तो म्हणाला, "नाही ना कामी आलं?"

"नाही. आम्ही खूप वाट पाहिली. त्यात जीव परत आला नाही."

त्यानं मान हलवली. "हट्टी कार्टी. हृदयसुद्धा लवकर थांबवेना. त्या हट्टानंच घात केला."

"तिची काही चूक नाही हो."

"तिची कुठं म्हणतोय मी." त्यानं कोटाची बाही सरळ केली, घडी घातली. मग एकदम विचारलं, "ज्याला मिळायचं होतं तो कुठाय? नाव नको सांगूस."

"वर आहे. सकाळपासून तयार होऊन पडलाय."

"त्याला कळलं?"

"डॉक्टर आत्ता निघालेत सांगायला."

आर्वो उठला. कोट बगलेत धरला.

"मग माझ्यापाशी काय उभी राहिलीस, पोरी? माझं व्हायचं ते सकाळीच झालं. तू वर जा. त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं."